पहिल्या दिवशी अंतर कमीच ठेवा

कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कात आठ जणांनी पहिल्याच दिवशी वीस किलोमीटर होडी वल्हवायची, असा बेत कुणीतरी मांडला होता; तो मला पटला नाही. आठ जणांत निम्मे नवखे असतील तर मुळीच नको. सुरुवातीला कॅनू लेक या तळ्याच्या धक्क्यावर परमिट, भाड्याच्या होड्या, लाइफ जॅकेटं आणि सामानाची वाटणी यातच सकाळ संपते. शिवाय होडीची दिशा मुख्यतः मागे बसणारा सांभाळतो. तिथे नवखा बसला की होडी नागमोडी चालते आणि अंतर आपोआप वाढतं. दुपारी वारा सुटला तर मधून न जाता आडोशाच्या काठानं जा.

तिथून ‘जो लेक’ या पुढच्या तळ्याकडे जाताना २९५ मीटर होडी उचलून जमिनीवरून न्यावी लागते. ऐकायला किरकोळ, पण सामान दोन खेपांत न्यायचं तर चालणं तिप्पट होतं, जवळजवळ नऊशे मीटर! तिथून पुढे ‘जो लेक’वरच मुक्काम करा.

आणि हो, पार्कच्या आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि डबाबंद खाद्यपदार्थांचे डबे न्यायला बंदी आहे, म्हणून लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा. अस्वलांमुळे रात्री खाणं तंबूपासून लांब, झाडाला उंच टांगायचं असतं. दोरी अंधार पडायच्या आत बांधा.