मदत हवी आहे: 1968 जीटीओचा पॉन्टियाक 400 ब्लॉक गेलाय, परवडेल असा दुसरा कुठे मिळेल?

गॅरेजवाला_मिशिगन

मंडळी नमस्कार, इथे गाड्यांचे बरेच जाणकार आहेत म्हणून विचारतोय. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, माझ्याकडे 1968 ची पॉन्टियाक जीटीओ आहे, दोन दाराची हार्डटॉप, ऑटोमॅटिक, 350 हॉर्सपॉवरचं 400 क्युबिक इंचाचं इंजिन. मागच्या उन्हाळ्यात तेल खायला लागली आणि कूलंटही कमी व्हायला लागलं म्हणून इंजिन उतरवून मशीन शॉपला दिलं, तर रिपोर्ट असा आलाय की रात्री झोप लागत नाही. ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या ओतीव लोखंडी सांगाड्याचा, बोअर (सिलेंडरच्या भोकाचा व्यास) आधीच कुणीतरी 60 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवून ठेवलाय, म्हणजे मूळचा 4.12 इंचाचा बोअर 4.18 झालाय, सोनिक टेस्टमध्ये (ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजतात ती) पाच नंबरच्या सिलेंडरची भिंत थ्रस्ट बाजूला (पिस्टन जिकडे दाबतो तिकडे) फक्त 90 थाऊ भरली, आणि वर लिफ्टर व्हॅलीमध्ये (सिलेंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत) बोटभर लांब क्रॅक, बहुतेक कुठल्यातरी थंडीत आत पाणी गोठलं असणार. आता अजून बोअर करायला जागाच नाही.

ब्लॉक गाडीचा स्वतःचाच आहे. मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटर बसतो तिथे वायर ब्रशने घासल्यावर तारखेचा कोड दिसला, एल 02 7, म्हणजे 2 डिसेंबर 1967 चं ओतकाम, कास्टिंग नंबर 9790071, पुढे उजव्या बाजूला वायएस हा कोड आणि त्याच्याजवळ गाडीच्या व्हीआयएनचे, म्हणजे ओळख क्रमांकाचे, आकडे. सगळं जुळतं. म्हणून हा ब्लॉक मी भंगारात घालणार नाही, तेल लावून गुंडाळून ठेवणार, आणि चालवायला दुसरा टाकणार. फक्त तो दुसरा कुठून आणायचा हाच प्रश्न आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या काळात जीएमच्या प्रत्येक डिव्हिजनचं व्ही-8 वेगवेगळं असायचं, शेवरोलेचं वेगळं, पॉन्टियाकचं वेगळं, ब्युइक आणि ओल्ड्समोबिलचंही वेगळं. शेवीचं स्मॉल ब्लॉक 1955 ला आलं आणि त्याचे नवे कोरे ब्लॉक आजही कॅटलॉगमधून मागवता येतात, फोर्डच्या 302 चंही तसंच आहे. पॉन्टियाकचं 400 मात्र 1978 ला बनायचं थांबलं, 1981 ला त्यांचं शेवटचं व्ही-8 गेलं आणि पुढे 2010 मध्ये ब्रँडच संपला. नवीन पॉन्टियाक ब्लॉक मिळतच नाहीत असं नाही, आयए-टू नावाचे वगैरे आहेत, पण ते रेसिंगचे, जाड भिंतींचे, चार बोल्टच्या मेन कॅपचे (क्रँकशाफ्ट खालून धरणारे तुकडे) आणि किंमत चार हजार डॉलरच्या वर, तीही नुसत्या ब्लॉकची. मला ड्रॅग स्ट्रिपवर जायचं नाहीये हो, ऑगस्टमध्ये वुडवर्डवर (डेट्रॉइटचा मोठा रस्ता) बायको-पोरांना घेऊन फिरायचं आणि रविवारी थोडं चालवायचं. साधा, स्टॉक मापाचा, दोन बोल्टचा ब्लॉक दीड-दोन हजारात कुणी बनवला तर माझ्यासारखे कितीतरी जण लगेच घेतील, 1968 च्या एका वर्षातच 87,684 जीटीओ बनल्या होत्या, त्यातल्या ज्या उरल्यात त्यांचे ब्लॉकही याच वयाचे आहेत ना.

तर माझे प्रश्न असे. एक जण 1976 च्या ग्रां प्रीमधला 400 ब्लॉक स्वस्तात देतोय, कास्टिंग नंबर 500557, सगळे म्हणतात तो नंबर कमकुवत, मेन बेअरिंगच्या वरचं वेबिंग (आधाराची भिंत) त्यात बारीक केलंय, पण साध्या 350 हॉर्सपॉवरला चालेल का? आणि 1968 च्या फ्रेमवर त्याचे मोटर माउंट बसतात का? दुसरं, आठही सिलेंडरला लाइनर (आत दाबून बसवायची नवी नळी) टाकून माझाच ब्लॉक वाचवता येईल का, इथल्या शॉपने प्रत्येकी दोनशेच्या आसपास सांगितलेत, क्रॅकचं वेगळं. आणि तिसरं, हे मी अगदी मनापासून विचारतोय, आपल्या कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावला एवढ्या फौंड्र्या आहेत, तिथे इंजिनचे ब्लॉक आणि हेड ओततातच, तर असा ब्लॉक तिथे ओतून मिळेल का?

ओहायोकर

दादा, लाइनरचं सांगतो. आठही टाकता येतात पण शॉप चांगलं पाहिजे, खाली छोटी पायरी ठेवून लाइनर दाबला पाहिजे नाहीतर गरम झाल्यावर सरकतो, आणि होनिंग (आतून बारीक घासणं) टॉर्क प्लेट (हेडसारखा ताण देणारी जाड प्लेट) लावूनच करून घ्या. लिफ्टर व्हॅलीतली क्रॅक ऐकून घाबरू नका, तिथे फार लोड येत नाही, मेटल स्टिचिंगने (धातूच्या पिना ठोकून) शिवतात आणि मग प्रेशर टेस्ट करतात. क्रॅक मेन वेबमध्ये असती तर मी नादच सोडा म्हटलं असतं. पण 90 थाऊच्या भिंतीत लाइनरसाठी अजून कोरायचं म्हणजे काही ठिकाणी वॉटर जॅकेट (भिंतीमागची पाण्याची पोकळी) उघडं पडणार, ते शॉपला आधी स्पष्ट विचारा.

557, म्हणजे त्या 1976 च्या ब्लॉकबद्दल म्हणाल तर तुमच्यासारख्या वापराला तो चालतो, लोक वर्षानुवर्षं चालवतायत, फक्त 5000 च्या वर आरपीएम सारखे नेऊ नका. माउंटची भोकं मात्र वर्षागणिक बदललीत, पैसे द्यायच्या आधी तुमच्या ब्लॉकच्या बाजूचा फोटो घेऊन जा आणि एकेक भोक जुळवून बघा. आणि एक, नुसतं जीटीओ, फायरबर्ड असं शोधू नका, ते विकणारे भाव लावून बसलेत. कॅटलिना, बॉनव्हिल असल्या मोठ्या सेडान शोधा, त्यातही 400 असायचं आणि त्या गाड्या कुणाला नको असतात. अजून एक आडवाट म्हणजे 1965-66 चं 389 क्युबिक इंचाचं इंजिन, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच 3.75, मेन बेअरिंग तेच 3 इंचाचे, 60 थाऊ बोअर केलं की 4.12 होतो. फक्त 1967 ला व्हॉल्व्हचा अँगल बदलला, म्हणून पिस्टन 400 चेच घ्या आणि मोठ्या व्हॉल्व्हसाठी बोअरच्या काठाला खाच द्यावी लागते का ते बघून घ्या.

बीडओतारी

गाववाले, मी फौंड्रीत आहे, कोल्हापूरलाच. तुमची कळकळ समजते म्हणून खरं ते सांगतो. ओतायला अडचण काहीच नाही, ग्रे आयर्न (बीड, ओतीव लोखंड) आपला रोजचा माल आहे. खर्च येतो पॅटर्नला (साच्याचा नमुना) आणि कोअर बॉक्सला (आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचे कोअर, म्हणजे गाभे, बनवायची पेटी). व्ही-8 ब्लॉक म्हणजे बाहेरचा साचा एक, पण आत वॉटर जॅकेटचे कोअर, क्रँककेसचे कोअर, व्हॅलीचा कोअर, आणि हे सगळे एकमेकांशी बिनचूक बसले पाहिजेत. कोअर जरा सरकला की एक भिंत जाड आणि समोरची पातळ, तुमच्या पाच नंबरला जन्मापासूनच थोडं तेच असणार. एका नगासाठी हे टूलिंग केलं तर तो ब्लॉक तुमच्या रेसिंगवाल्यापेक्षा महाग पडेल. हल्ली वाळूचे कोअर थ्रीडी प्रिंट करून मिळतात, त्यात कोअर बॉक्स लागत नाही, पन्नास-शंभर नगांसाठी तो मार्ग विचार करण्यासारखा आहे.

पण त्याआधी ड्रॉइंग पाहिजे. बाहेरून स्कॅन कराल, जॅकेटच्या आतलं काय? त्यासाठी एक ब्लॉक आडवा-उभा कापावा लागतो. मग त्यावर आटण्याचा अलाउन्स (जादा धरायचं माप), बीड गार होताना साधारण एक टक्का आटतं, मशिनिंगचा अलाउन्स वेगळा. आणि ओतल्यावर निम्मं काम बाकी राहतं भावा, लाइन बोअर आणि कॅम बोअर (क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टची भोकं), डेक (हेड बसतो तो पृष्ठभाग), लिफ्टरची सोळा भोकं, हे काम फौंड्री करत नाही, त्याला चांगलं मशीन शॉप आणि फिक्स्चर लागतं. ब्लॉकवर पॉन्टियाकचं नाव किंवा जुने नंबर टाकायचे नाहीत, हे पण लक्षात ठेवा.

गॅरेजवाला_मिशिगन

दोघांचे खूप आभार, एवढं नीट इथल्या शॉपनेही सांगितलं नव्हतं. ओहायोकर, तुमचं ऐकून माझ्या ब्लॉकला लाइनर टाकायचा विचार सोडतोय, शनिवारी फोटो आणि मोजपट्टी घेऊन 557 बघायला जातो, सोनिक टेस्ट करू दिली तरच घेणार. मेन वेबला डाय (भेगेत शिरणारा रंग) टाकून क्रॅक चेकही करून घेईन.

बीडओतारी काका, तुम्ही म्हणता ते सगळं पटलं, तरी मला हा विषय सोडवत नाहीये. मी स्वतः डिझाइनमध्ये काम करतो, स्कॅन आणि कॅड घरी बसून करू शकतो. कापायला एक मेलेला ब्लॉक पाहिजे, रॉड फुटून बाजूला भोक पडलेला असला तरी चालेल, फक्त वॉटर जॅकेट शाबूत पाहिजे, 400 किंवा 455, कुठल्याही वर्षाचा 1967 ते 1974 मधला. मिशिगन, ओहायो, इंडियाना, नॉर्दर्न इलिनॉय, कुणाच्या ओळखीत असा पडून असेल तर मेसेज करा, मी ट्रेलर घेऊन येतो. आणि ज्यांना पॉन्टियाकचा साधा ब्लॉक खरंच पाहिजे त्यांनी इथे खाली बोअर, मेन साइज आणि गाडीचं वर्ष लिहा, म्हणजे काकांना पन्नास नगांचं विचारायचं की नाही ते ठरवता येईल.