30 मीटरच्या खडपावर जिगिंग: जिग अडकतात, गोब्रा बिळात शिरतो

किनाराकर:
डिसेंबरअखेर निवतीहून फायबर होडीने वेंगुर्ला रॉक्सच्या बाहेरच्या खडपांवर (पाण्याखालच्या खडकांवर) जायचं आहे. चौघे, पहाटे निघून दुपारी परत. खोली 25 ते 35 मीटर. साडेसहा फुटी रॉड, 5000 चं रीळ, पीई 3 ब्रेड (विणलेली दोरी), तिच्या टोकाला 60 पौंडी लीडर (जाड दोरी), 80 ते 150 ग्रॅमचे जिग (माशासारखे धातूचे आमिष). जिग खडकात अडकून तुटतात आणि गोब्रा (खडकात राहणारा मासा) लागला की बिळात शिरतो, यावर काय करावं? दिवस कोणता धरावा? अँग्रिया बँक (समुद्रातलं बुडालेलं प्रवाळ पठार) एका दिवसात होईल का?

मतलई:
दिवस भांगाचा (कमी भरती-ओहोटीचा) धरा, अष्टमीनंतरचे दोन-तीन. उधाणात पाण्याची ओढ इतकी असते की 150 ग्रॅमचा जिगही तिरका जातो, आणि तिरका जिग म्हणजे अडकलेला जिग. पण पाणी अगदी थांबलं तरी मासा तोंड लावत नाही. भरती-ओहोटी पालटण्याच्या आधीचा आणि नंतरचा तास खडपावर मिळेल असं बघा. पहाटे मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यावर बाहेर पडा. दुपारी खारा (समुद्राकडून येणारा) वारा चढला की होडी धड वाहत नाही.

खडपावर नांगर टाकू नका. प्रवाळ असेल तर ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि नांगर अडकतो तो वेगळाच. ओढ जिकडून येते त्या बाजूला 50-60 मीटर वर जाऊन इंजिन न्यूट्रल करा नि होडी वाहू द्या. पहिल्या फेरीत गरी टाकूच नका, फक्त जीपीएसवर रेघ बघा. फिशफाइंडरवर खडप जिथे एकदम उठतो, ती ओढीकडची कड महत्त्वाची. मासे तिथेच उभे असतात. खडपाच्या माथ्यावर वेळ घालवणं हीच सर्वांत मोठी चूक. कड ओलांडली की दोऱ्या वर, होडी पुन्हा त्याच रेघेवर.

खडपगरी:
जिगच्या खालच्या टोकाचा तीन काट्यांचा गळ आधी काढून टाका. वरच्या कडीला असिस्ट हुक (आखूड दोरीवरचा एकेरी गळ), एक किंवा दोन, पुरे. निम्मे जिग त्या खालच्या गळामुळेच जातात.

तळ लागला की दोरी सैल पडते. त्याच क्षणी रिळाचे तीन-चार वळसे. 10 मीटरला रंग बदलणारी ब्रेड असली तर अंदाज चुकत नाही. मग सावकाश अर्धा वळसा, रॉड वर, जिगला पडू द्या. बहुतेक तोंड पडताना लागतं. तळापासून 8-10 मीटर वर आलात की परत खाली. कोकर किंवा सुरमई वरच्या पाण्यात दिसली तरच झपाट्याने थेट वर ओढा. दोरी 45 अंशांहून तिरपी झाली की गुंडाळून नव्याने सोडा, नाहीतर 200 ग्रॅम लावा. तोही जवळ असू द्या.

गोब्र्यासाठी ड्रॅग (रिळाचा ब्रेक) जेटीवरच स्प्रिंग काट्याने मोजून 6-7 किलोवर ठेवा. हाताच्या अंदाजाने तो निम्माच भरतो, म्हणून मासा बिळात पोचतो. पहिले पाच मीटर त्याला दोरी द्यायची नाही. लीडर 80 पौंडी, तीन मीटर. ब्रेड-लीडर जोडणाऱ्या एफजी गाठीला 20 वेढे, आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घसरते. तरी शिरलाच, तर दोरी पूर्ण सैल सोडून दोन-तीन मिनिटं थांबा. पुष्कळदा स्वतःच बाहेर येतो.

किनाराकर:
आणि जिग खडकात पक्का बसला तर?

खडपगरी:
रॉडने ओढू नका, रॉड मोडते. होडी ओढीच्या वरच्या बाजूला नेऊन उलट दिशेने ताण द्या. शेवटी ओढायचीच तर दोरी लाकडी दांड्याला गुंडाळून. ब्रेड हाताला गुंडाळली की बोट कापते.

बर्फवाला:
बर्फ माशाच्या वजनाइतका तरी न्या. मासा वर आला की कल्ल्याखाली कापून रक्त जाऊ द्या, मग बर्फ आणि समुद्राचं पाणी निम्मं-निम्मं अशा पेटीत बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेला एकाच बाजूने गार होतो. कुपा आणि सुरमई उन्हात राहिली तर हिस्टामीन हे विष तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. लहान गोब्रे, तांबोशी सोडायचे असतील तर पोट फुगून तरंगतात. पोट टोचू नका, जबड्याला वजन लावून तळाशी उतरवा.

मतलई:
अँग्रियाचं राहिलं. विजयदुर्गापासून ती शंभरेक किलोमीटर बाहेर आहे, फायबर होडीने एका दिवसाचं काम नाही. मालवणच्या बाजूला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे. गाभा क्षेत्रात गरी टाकू नका, हद्द तांडेलाला आधीच विचारून घ्या.