टायरोनची अर्लकी: ओ'नीलांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला का?

निवांत:
१५४२ ला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या ओ'नील कुळाचा प्रमुख कॉन ओ'नील इंग्लंडात ग्रीनिचला जाऊन राजा आठव्या हेन्रीपुढे वाकला, स्वतःचीच जमीन राजाच्या पायाशी ठेवली आणि तीच परत घेतली, वर 'अर्ल ऑफ टायरोन' ही पदवी (अर्ल म्हणजे इंग्रजी सरदारकी, टायरोन हा त्याचा मुलूख). म्हणजे आपल्याच घरात भाडेकरू! गेलिक, म्हणजे जुन्या आयरिश रिवाजात कुळातला कर्ता पुरुष निवडायचे, थोरलाच पायजे असं काही नव्हतं, अर्लकीत मात्र वारस एकच आणि तोही कागदावर. कागदावर कॉनचा पोरगा मॅथ्यू आला, दुसरा पोरगा शेन भडकला, म्हणे हा तर डंडॉकच्या लोहाराचा! १५५८ ला शेनच्या माणसांनी मॅथ्यूला उडवला. पदवीनेच घर फोडलं असं माझं स्पष्ट मत.

खवचट काका:
अहो निवांतराव, त्या निवडीच्या वेळी काय पेढे वाटायचे का? भाऊबंदकी आधीपासूनच होती. उलट मॅथ्यूचा मुलगा ह्यू वर आला तो ह्याच अर्लकीच्या जोरावर, १५८७ ला पदवी हातात, मग १५९५ ला 'द ओ'नील', म्हणजे जुन्या रिवाजाने कुळप्रमुख पण झाला आणि १५९८ ला यलो फोर्डच्या लढाईत इंग्रजांना धुतलं. पदवी सापळा असती तर अशी वापरता आली असती?

घाटावरची:
काका, थोडं पुढे पण वाचा की. १६०२ ला इंग्रज सेनापती माउंटजॉयने टलीहोगचा, ओ'नील प्रमुखांच्या राज्याभिषेकाचा दगड फोडला. अर्लकीला हात नाही लावला, का लावेल, ती तर त्यांनीच दिलेली! १६०३ ला मेलिफाँटला शरण येताना ह्यूला 'द ओ'नील' हे नाव सोडावं लागलं, अर्ल राहू दिला. आणि त्या वेळी इंग्लंडची राणी एलिझाबेथ मरून सहा दिवस झालेले, ह्याला पत्ताच लागू दिला नाही 😤

खवचट काका:
पण जमीन परत मिळाली ना? हरलेल्या माणसाला एवढं कोण देतं.

निवांत:
मिळाली हो, चार वर्षं टिकली. १६०७ ला ह्यू रॅथमलन बंदरातून जहाजात बसून पळाला, मागे सगळं जप्त, अल्स्टरमध्ये स्कॉटिश आणि इंग्लिश लोक आणून बसवले. कुळाची जमीन असती तर एका माणसाच्या पळण्याने लाखो एकर गेली असती का, सांगा!

खवचट काका:
गेलीच असती, तोफा कोणाकडे होत्या?

घाटावरची:
हे मात्र पटलं. तरी गंमत बघा, ह्यू १६१६ ला रोममध्ये वारला, त्याच्या मुलाला स्पेनमध्ये 'कोंदे दे तिरोन' म्हणायचे, एक बिघा जमीन नसताना. आणि खुद्द पदवी नंतर पॉवर घराण्याला, मग बेरेसफर्डांना नव्याने दिली, आज ती वॉटरफर्डच्या मार्क्विसच्या नावामागे जोडलेली असते.