अँटी-डंपिंग ड्युटीचा सनसेट रिव्ह्यू: भोसरीतल्या आयातदाराने काय करायचं?

भोसरी_खरेदी: सीमलेस (बिनजोड) ट्यूबवरच्या अँटी-डंपिंग ड्युटीची, म्हणजे निर्यातदार स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात इथे विकतो (डंपिंग) त्या मालावरच्या जादा आयात कराची, 5 वर्षं संपत आलीत. ती आपोआप जाते का?

कस्टम्सवाला: सनसेट रिव्ह्यू, म्हणजे ड्युटी पुढे ठेवायची का याची मुदत संपतानाची चौकशी, सुरू नसेल तर जाते. मुदतीआधी सुरू झाला, तर चौकशीपुरती ड्युटीची मुदत एक वर्षापर्यंत वाढवता येते. पण मुदतवाढीची अधिसूचना जुनी ड्युटी जिवंत असतानाच निघावी लागते. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये कुम्हो पेट्रोकेमिकल्स कंपनीच्या प्रकरणात हेच सांगितलं. म्हणून बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं घोषणापत्र) भरण्याआधी अधिसूचनेची तारीख तपासाच.

पिंपरी_कॉस्टिंग: डीजीटीआरची (ही चौकशी करणारं वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय) प्रश्नावली वेळेत भरा. गोपनीय उत्तरासोबत सारांशरूप अगोपनीय प्रत द्या, नाहीतर माहिती बाजूला ठेवली जाऊ शकते. खरा मुद्दा पुढचा: ड्युटी काढल्यावर डंपिंग आणि देशी उद्योगाचं नुकसान पुन्हा होईल का? निर्यातदाराची पडून असलेली उत्पादनक्षमता, तिसऱ्या देशांतले भाव मांडा. शिफारस डीजीटीआरची, निर्णय अर्थ मंत्रालयाचा.