मदत हवी आहे : एटीव्हीचा फोर-व्हीलचा दिवा लागतो, पण पुढची चाके ओढत नाहीत

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. ती जांभ्या कातळाच्या उतारावर असून खालच्या गडग्यापासून वरच्या टप्प्यापर्यंत ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी ५०० सीसीची एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, हँडलची छोटी चारचाकी) विकत घेतली. एरवी मागच्या दोन चाकांवर काम भागते. परंतु जूनमध्ये कलमांच्या आळ्यांत शेणखत घालण्याची वेळ येते तेव्हा कातळावर शेवाळ धरलेले असते आणि मागे भरलेला ट्रेलर असताना पुढच्या चाकांची ओढ मिळाली नाही, तर गाडी जागच्या जागी घसरत राहते. यंदा नेमके तेच झाले आहे.

बटण दाबले की डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागतो. पूर्वी मागची चाके घसरू लागताच हँडलला बारीकसा हिसका बसत असे आणि पुढची चाके लागली हे हाताला कळत असे. तो हिसका आता येत नाही. या गाडीत पुढच्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यात) चुंबकीय कॉइल आणि रोलर क्लच अशी रचना आहे. सर्व्हो मोटरचा प्रकार नाही.

आतापर्यंत पुढील गोष्टी तपासल्या. फ्यूज शाबूत आहे. कॉइलचा सॉकेट सुटा करून वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावला, तर १२.३ व्होल्ट मिळतात. कॉइलचा रोध २४ ओहम भरतो आणि तो मॅन्युअलमधील मर्यादेत बसतो. चारही चाके ओंडक्यांवर उचलून, गाडी पक्की बांधून, लो गिअरमध्ये इंजिन मंद चालवले असता मागची चाके फिरतात, पुढच्या डिफरन्शियलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्टही (फिरता दांडा) फिरतो, मात्र पुढची चाके स्वस्थ असतात. डिफरन्शियलचे तेल काढले तेव्हा ते दुधाच्या चहासारखे निघाले. बुचावरील चुंबकाला काळा बारीक गाळ होता, धातूचे तुकडे नव्हते.

शहरातील एका वर्कशॉपने पुढचे संपूर्ण डिफरन्शियल बदलावे लागेल असे सांगितले असून, त्याचा खर्च गाडीच्या खरेदी किमतीच्या निम्म्याहून अधिक होतो. वीज व्यवस्थित पोहोचत असल्याने रोलर क्लच झिजला आहे असे धरावे काय, आणि तो घरी उघडणे शक्य आहे काय? गेल्या वर्षी मागचे दोन टायर नवे घातले, पुढचे जुनेच आहेत. त्याचा संबंध असू शकेल काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

बटण बदलून पाहा. आमच्याकडे बटणाचाच दोष निघाला होता.

प्रतिसाद २

बटण बदलण्याची घाई करू नका आणि डिफरन्शियलही अद्याप उघडू नका, कारण वीज व्यवस्थित पोहोचते हे अजून सिद्ध झालेले नाही. आपण सॉकेट सुटा करून व्होल्टेज मोजले. त्या वेळी वायरीतून प्रवाह जवळपास वाहतच नव्हता. बागेतील पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबून धरले, तर मध्येच चिंबलेल्या नळीतही दाब पूर्ण भरतो. खरा प्रकार अंगठा काढल्यावर धारेवरून कळतो. सॉकेट जोडलेला ठेवा, फोर-व्हील चालू करा आणि सॉकेटच्या मागून वायरीच्या कडेने टाचणी सरकवून कॉइलच्या दोन्ही टोकांमधील व्होल्टेज पुन्हा मोजा. २४ ओहमच्या कॉइलला १२ व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर मिळायला हवा. त्याहून बराच कमी मिळाला तर चुंबक त्या पातळ चकतीला धरू शकत नाही. चकतीने रोलरचा पिंजरा किंचित अडवला तरच रोलर पाचरीसारखे अडकतात आणि चाकाला ओढ मिळते. दिव्याचे म्हणाल, तर अशा अनेक गाड्यांत तो फक्त बटण दाबल्याचे सांगतो, चाके लागल्याचे नव्हे.

त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे कॉइलच्या अर्थिंगच्या पिनेवर ठेवा. तेथे जवळजवळ शून्य यायला हवे.

टायरांबाबत आपली शंका रास्त आहे. या रचनेत पुढची चाके शाफ्टच्या मानाने थोडी पुढेच पळत असतात आणि मागची चाके पुरेशी घसरली की मगच रोलर अडकतात. मागे मोठा व्यास आणि पुढे झिजलेला टायर असेल, तर वेगातील ते अंतर वाढते आणि फोर-व्हील उशिरा लागते. परंतु ओंडक्यांवर उचललेल्या गाडीत टायर जमिनीला टेकलेलेच नसतात, आणि तेथेही चाके लागली नाहीत. म्हणजे मूळ दोष टायरांचा नाही. ते दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे, म्हणून ते मात्र आधी काढून टाका आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच भरा. हाताशी आहे म्हणून नव्वद नंबरचे जाड गिअर ऑइल घालण्याचा मोह टाळा.

धागाकर्ता

आपले मनःपूर्वक आभार. सॉकेट जोडलेला असताना कॉइलवर केवळ ४.९ व्होल्ट मिळाले, आणि अर्थिंगच्या पिनेवर शून्याऐवजी ७.३. दोष अर्थिंगच्या बाजूला आहे हे कळल्यावर ती वायर हाताने चाचपत गेलो. डाव्या सस्पेन्शनच्या दांडीला पूर्वीच्या कोणीतरी ती प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधली होती. चाक वर-खाली होताना ती नेमकी तेथेच वाकत असणार. वरचे आवरण अखंड दिसत होते, पण दाबल्यावर बोटांना पोकळ लागले. चिरून पाहिले तर आत तांब्याची हिरवी भुकटी झाली होती आणि दोन-तीन तारांवर सगळा कारभार चालला होता. खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, श्रिंक स्लीव्ह चढवली आणि वाकायला सैल जागा ठेवून बांधली. कॉइलवर आता १२ व्होल्ट मिळतात. ओंडक्यांवर पुढची चाके फिरली, आणि काल सायंकाळी पाऊस चालू असताना शेणखताचा ट्रेलर वरच्या टप्प्यापर्यंत नेला. हिसका परत आला आहे.

तेलात पाणी कोठून आले याचाही उलगडा बहुधा झाला. डिफरन्शियलच्या व्हेंट पाइपच्या (आतली हवा ये-जा करण्याच्या नळीच्या) तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. गाडी तापल्यावर आम्ही रोज वहाळ ओलांडतो. पाइप बंद असल्यामुळे आतली हवा गार पाण्यात आकसली की सीलमधून पाणी खेचले जात असावे. पाइप साफ करून त्याचे तोंड वर सीटखाली नेले आहे. नवे तेल भरून आठ दिवसांनी बूच पुन्हा उघडणार आहे. तेल परत दुधाळ निघाले, तर दोन्ही बाजूंचे ऑइल सील मागवीन.