कमी वीज खाणारा कॉम्प्युटर: तुम्ही काय घेतलंत, काय मोजलंत?

अबोली, फोंडा
आठ-दहा दुकानांचे हिशेब घरी बसून लिहिते. कॉम्प्युटर अकरा वर्षांचा, आता बदलायचाच आहे. दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, आता सगळेच इको-फ्रेंडली असतात." तशीच घरी परत आले आणि भाच्याकडून वॉटमीटर मागून आणला. भिंतीतला प्लग आणि आपली पिन यांच्यामध्ये बसणारी डबी ती. कॉम्प्युटरच्या पेटीच्या मागे लिहिलंय ४५० वॉट, मीटर दाखवतो ६८! जुना मॉनिटर वेगळा, त्याचे ३४. दिवसाला नऊ तास, महिन्याला २६ दिवस धरले तर जवळजवळ २४ युनिट. कंपनीच्या पत्रकातलं नको, ते मीही वाचलंय. तुमचं स्वतःचं सांगा, फसला असाल तर तेही.

खाजन, म्हापसा
दुरुस्तीच्या धंद्यात १९ वर्षं झाली. अबोलीताई, ४५० ही एसएमपीएसची, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची ताकद, भूक नव्हे. लागेल तेवढंच तो ओढतो. पण ओढलेलं सगळं आत पोचत नाही, काही उष्णता होऊन जातं. म्हणून '८० प्लस'चा शिक्का बघायचा. २०, ५० आणि १०० टक्के भारावर निदान ८० टक्के वीज आत पोचते, असा त्याचा अर्थ. आता आमची गिऱ्हाइकं काय करतात? शिक्का बघतात आणि ऐटीत ७५० वॉटचा मागतात. त्यावर चालवायची हिशेबाची टॅली. साठ वॉटच्या कामाला भार दहा टक्क्यांच्याही खाली, तिथे शिक्क्याचं वचनच लागू नाही. दोघांच्या शितकडीला चवथीचा टोप चुलीवर ठेवल्यासारखं.

माटोळी, डिचोली
आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तो गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतला, दादाच्या अकरावीला. फुगीर मॉनिटर, पावसाळ्यात मांजर त्याच्यावर निजायचं. ती ऊब आमच्याच बिलातली होती हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं.

हल्ली नवा घेतलाच नाही. ऑफिसातून निघालेला, दुरुस्त करून विकतात तो छोटा डबा घेतला, जाड पुस्तकाएवढा. प्रोसेसर आय-फाइव्ह ८५००टी. शेवटचा 'टी' बघून घ्या, तो ३५ वॉटचा असतो, 'टी' नसलेला त्याचा भाऊ ६५ चा. नुसता चालू असताना माझ्या मीटरवर ११ ते १४ वॉट, पन्नास टॅब उघडले की तिसाच्या वर. आठव्या पिढीचा आहे म्हणून विंडोज ११ चालतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या वेळी खूप जणांनी चांगली यंत्रं भंगारात घातली. मी दादाच्या जुन्या यंत्रात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घातली आणि विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाकलं. आई त्यावर भजनं ऐकते, तिला फरकही कळलेला नाही.

फळा, तिसवाडी
शाळेची लॅब बघतो, वीस यंत्रं. स्क्रीनसेव्हरने वीज वाचते हा गैरसमज शिक्षकांतही आहे. पडदा उजळलेलाच असतो, वाचतं काय? दहा मिनिटांनी स्लीप लावलं आणि घंटा झाली की मेन स्विच बंद. खरेदीच्या यादीत रॅम किती, डिस्क किती सगळं असतं, वॉटचा रकाना नाही. दोनदा लिहून दिलं. असो.

तारवटी, काणकोण
मी बोटीवर असतो. लॅपटॉप घेताना सगळे शिक्के बघितले होते. एनर्जी स्टार होता (१९९२ सालचा हा अमेरिकी शिक्का कॉम्प्युटर आणि मॉनिटरपासूनच सुरू झाला), ईपीट या पर्यावरणाच्या शिक्क्याचा गोल्ड होता. फ्रिजला तारे देणाऱ्या बीईईचं लेबल लॅपटॉपलाही मिळतं, पण ते ऐच्छिक, माझ्या लॅपटॉपवर नव्हतं. जूनमध्ये जहाजावर गेलो, नोव्हेंबरात आलो. घर समुद्रापासून चार पावलांवर, पाच महिने बंद. बॅग उघडली तर कुबट वास, बिजागरीला गंज, चार्जिंगच्या भोकात हिरवी बुरशीसारखी पूड. तांब्याचा गंज. बॅटरी पूर्ण मेलेली. मोजून तीन वर्षांचा लॅपटॉप. लॅपटॉपच्या कार्बनचा मोठा हिस्सा तो वापरण्याआधी, कारखान्यात बनतानाच खर्ची पडतो. मग लॅपटॉपच्या २० वॉटचं कौतुक करणारा मी, दर तीन वर्षांनी नवा घेतला तर कसला पर्यावरणवादी?

खाजन, म्हापसा
बाब, किनाऱ्यावरचं बंद यंत्र चालूपेक्षा आधी मरतं. रोज तासभर चाललं की आतली ओल उडते. ठेवायचाच असेल तर बॅटरी अर्धी भरून, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. सुक्या बांगड्यांच्या बरणीशेजारी नको, एकाने आणला होता तसा माझ्याकडे. आणि घेताना खालचे स्क्रू बघा: रॅम, एसएसडी, बॅटरी बदलता येते का विचारा. रॅम बोर्डावरच झाळलेली असेल तर पाच वर्षांनी मी काही करू शकत नाही.

पोर्तां, साखळी
भंगाराचं कोणीच लिहिलं नाही. आमच्या शेताच्या बांधावर कोणीतरी तांब्यासाठी वायरी जाळतं, तो वास दोन दिवस घशात राहतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुनं यंत्र पुन्हा वापरात किंवा रीसायकलिंगला जाण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून मी खरेदीच्या आधीच विचारते, जुना कुठे द्यायचा? उत्तर न देणाऱ्याकडून घेत नाही. यूपीएसची शिशाची बॅटरी नवी घेताना त्याच दुकानात द्या, पैसेही कमी होतात.

अबोली, फोंडा
देव बरें करूं सगळ्यांचं. काल रात्री सगळं बंद करून मीटर यूपीएसला लावला. कॉम्प्युटर बंद, मॉनिटर बंद, आणि तो एकटा ९ वॉट ओढतोय! चोवीस तास, रविवारी, चतुर्थीला, कायम. म्हणजे महिन्याला सहा युनिट नुसता जागं राहण्याचे. माटोळी, तुझा डबा छान आहे, पण पावसात इथे दिवसाला चारदा लाईट जाते, त्याला यूपीएस लागणारच. म्हणून लॅपटॉप घेते, त्याची बॅटरी त्याच्यातच. स्क्रूवाला, रॅम बदलता येणारा. मॉनिटर मात्र नवा एलईडी, डोळ्यांसाठी.

जुना १९ इंची मॉनिटर चालू आहे, कोणाला हवा का?

फळा, तिसवाडी
लॅबमधला एक गेलाय. रविवारी येऊन नेतो, बाय. पण ३४ वॉट म्हणालात ना? आधी मीटर लावून बघेन.