एकच नाटक, दोन संच: तुमचे अनुभव लिहा

सायली_के
भाचीने गाण्याच्या परीक्षेसाठी 'घेई छंद मकरंद' घोटायला घेतलंय. दिवसभर घरात तेच, आणि मला सारखे ते पद ज्यात आहे त्या 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकाचे दोन्ही संच आठवतायत. वसंतराव देशपांडेंची 'कट्यार' पाहिली तेव्हा मी शाळेत होते, आईबाबांच्या मध्ये बसून. २०१० मध्ये राहुल देशपांडेची आली तेव्हा बाबा नव्हते, आईला घेऊन गेले. माझं ठाम मत सांगते: नव्या संचात गाणं कुठेही कमी पडलं नाही, पण खाँसाहेब, म्हणजे या दोघांनी केलेला गवई, मात्र वेगळाच माणूस होता. वसंतराव तान घ्यायचे ती समोरच्याला बजावल्यासारखी. जिंकल्यावरही त्यांना चैन नाही, हे त्या तानेतच कळायचं. राहुलच्या खाँसाहेबात रागापेक्षा दुखावलेपण जास्त दिसलं आणि शेवटी मला त्याची दया आली. आधीच्याची भीती वाटली होती. तुम्ही कुठलंही संगीत नाटक दोन संचांत पाहिलं असेल तर लिहा.

खर्जातला
राहुलच्या संचात सदाशिवच्या भूमिकेत महेश काळे ना? एकीकडे वसंतरावांचा नातू, समोर नाटकाला संगीत देणाऱ्या जितेंद्र अभिषेकीबुवांचा चेला. त्या दोघांची जुगलबंदी सुरू झाली की अंगावर काटाच!!

मीनल_प
सिनेमा चालेल का? मी तोच पाहिलाय, २०१५ चा.

सायली_के
@मीनल_प अगं लिही की. सिनेमात शंकर-एहसान-लॉयची नवी गाणी आहेत, नाटकातली जुनी अभिषेकीबुवांची. तेवढं लक्षात ठेवून लिही.

जुनी_तिकिटं
आमच्या वेळी माइक रंगमंचाच्या पुढच्या कडेला असायचे. पद आलं की नट बोलता बोलता हळूहळू तिकडे सरकायचा, आणि प्रेक्षागृहात लगेच कुजबुज, आता गाणार! आता माइक गालाला चिकटलेला, नट चालता चालता गातो, पाठ फिरवूनही गातो. अभिनय मोकळा झाला हे खरंच. पण ती कुजबुज गेली. 'लागी कलेजवा कटार'ला वन्स मोअर मिळाला की वसंतराव दुसऱ्यांदा वेगळंच गायचे. बाकी नंतर लिहितो, नातवाला आणायला जायचंय.

रेवती_जोशी
सायली, भाची कुठलं घोटतेय? सालगवराळी रागातलं की धानीतलं? शब्द तेच, पण नाटकातल्या पंडितजींच्या गायकीतलं ठाय, म्हणजे संथ, आणि खाँसाहेबांचं तिखट. मला तर या एका पदातच दोन संच दिसतात.

सायली_के
धानीतलं. तानांना अडतेय बिचारी.

रेवती_जोशी
अडू दे, बसेल हळूहळू. आधी ठाय लयीत म्हणायला सांग.

पणजोबांचा_बाळू
दोन संच वेगवेगळे कशाला, एकाच रंगमंचावर! ८ जुलै १९२१, मुंबईत संयुक्त 'मानापमान', टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. एरवी दोघांच्या कंपन्या वेगळ्या. केशवराव त्याच ऑक्टोबरात गेले, त्यामुळे पुढे काय काय झालं असतं याची हळहळ आमच्या घरात अजून आहे.

खर्जातला
@बाळू वाह. टाइम मशीन मिळालं तर पहिलं तिकीट याचंच.

स्नेहा_अ
मी 'सौभद्र' दोनदा पाहिलं. मूळचं १८८२ चं, पदं शंभराच्या वर, सगळी म्हणायची तर पहाट होईल. एका संचाने पदं नुसती कापली होती, कथा सरळ पळाली. दुसऱ्याने पदं ठेवली पण अंतरे गाळले. मला दुसरं आवडलं, कारण सुभद्रेचं मन पदांतच आहे. संवादात ती नुसती रुसलेली वाटते. मुलगा रडतोय, पळते.

पेटीवाला
साथीबद्दल कुणी बोलत नाही? माझे मामा ऑर्गनला असायचे. भाता पायाने मारायचा, गाणारा रंगला की पाय थांबवता येत नाहीत, रात्री पोटऱ्यांना तेल लावायचे. हल्ली बऱ्याच ठिकाणी कीबोर्ड असतो. सूर बरोब्बर लागतो, पण ऑर्गनचा भरलेला आवाज कानाला हवाच असतो. राहुलच्या प्रयोगाला मामांना नेलं तेव्हा त्यांचं लक्ष पूर्ण वेळ साथीदारांकडे.

रेवती_जोशी
मामा अजून वाजवतात?

पेटीवाला
गुडघे गेलेत. पेटी वाजवतात संध्याकाळी, शेजारच्या मुलींना पदं शिकवतात.

जुनी_तिकिटं
आलो परत. @पेटीवाला मामा कुठल्या कंपनीत होते? मी बहुतेक ऐकलंय त्यांना.